विश्लेषण : लिफ्टचे दार उघडताच भुंकणारा छोटा कुत्रा हट्टी, की घाबरलेला?

संध्याकाळी सातची वेळ. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली... कुठलीही सोसायटी घ्या. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडते आणि आतला पाच-सहा किलोचा शित्झू किंवा पॉमेरेनियन अंगावर यावे तसा भुंकू लागतो. बाहेरच्या काकू दोन पावले मागे सरकतात. मालक पट्टा खेचत कसनुसे हसतो आणि म्हणतो, ‘काही करत नाही हो तो.’ रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार पडते. असे काही महिने चालले की घरात ‘याला कुणाला तरी देऊन टाकू या’ हा विषय निघतो. हे वागणे बदलता येते का आणि ‘सिट’, ‘स्टे’ शिकवून ते भागते का, याविषयी...

कुत्रा नेमका कशासाठी भुंकतो?

बहुतेक वेळा भीतीपोटी. घाबरलेल्या प्राण्यापुढे दोनच मार्ग असतात, पळून जाणे किंवा समोरच्याला पळवून लावणे. पट्टा बांधलेला असल्याने पहिला मार्ग बंद होतो. दुसरा तो करून पाहतो आणि तो दर वेळी यशस्वी होतो! भुंकल्यावर काकू मागे सरकतात, कुरिअरवाला निघून जातो, लिफ्टचे दार बंद होते. ‘मी भुंकलो म्हणून संकट टळले’ हा धडा त्याला रोज मिळत असतो. अशा कुत्र्यांना प्रशिक्षक ‘रिअॅक्टिव्ह’ म्हणतात.

भुंकण्याआधी तो बरेच काही सांगून चुकलेला असतो. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, अंग ताठ होणे, शेपूट आत घेणे, आवडता खाऊही नाकारणे. शेवटची खूण सर्वांत उपयोगी आहे. त्याचा वापर पुढे येईलच.

छोट्या कुत्र्यांमध्येच हे जास्त का दिसते?

व्हिएन्नातील १,२७६ श्वानपालकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० किलोपेक्षा कमी वजनाचे कुत्रे आज्ञा कमी पाळणारे, अधिक चिडके आणि अधिक भित्रे आढळले. पण त्याच अभ्यासात त्यांच्या मालकांविषयीही नोंद आहे. छोट्या कुत्र्यांचे मालक आज एक, उद्या दुसरे असे वागत होते आणि कुत्र्याला शिकवण्यात, त्याच्याशी खेळण्यात कमी वेळ घालवत होते. शिक्षा जितकी वारंवार, तितका छोटा कुत्रा अधिक भित्रा, असाही संबंध दिसला.

आपल्याकडे वेगळे काही नाही. लॅब्रॅडोर पाहुण्यांवर गुरगुरला, तर त्याच दिवशी प्रशिक्षकाचा नंबर शोधला जातो. पॉमेरेनियन गुरगुरला, तर त्याचे रील बनते.

दुसरे कारण लहानपणातले आहे. पिल्लाच्या वयाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात जे दिसते, ऐकू येते, ते त्याला पुढे ‘नेहमीचे’ वाटते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मधील आपल्या ग्रंथात या काळाचे महत्त्व मांडले. आपल्याकडे मात्र लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढले जात नाही. भटक्या कुत्र्यांमुळे संसर्गाची भीती खरी आहे, त्यामुळे त्याला जमिनीवर सोडू नये हे बरोबर. पण कडेवर घेऊन रिक्षा, छत्र्या, शाळेतून सुटलेली मुले दाखवायला हरकत नसते. ते राहून जाते आणि हा काळ चार भिंतींत संपतो.

उपनगरात हा प्रश्न अवघड का होतो?

कारण यावरचा मुख्य उपाय म्हणजे अंतर आणि मुंबईत नेमके तेच नाही. परदेशी व्हिडीओत प्रशिक्षक सांगतो, समोरून कुत्रा आला की रस्ता ओलांडा. इथे रस्ता ओलांडला तर पलीकडे रिक्षास्टँड असतो. चार फुटांच्या पॅसेजमधून चार माणसांच्या लिफ्टमध्ये, तिथून थेट गेटवर. गेटवर भटक्या कुत्र्यांची हद्द. शेजारी पुनर्विकासाचे काम सुरू असेल, तर दिवसभर ड्रिलचा आवाज. शिवाय दहीहंडी, ढोल-ताशे, फटाके आहेतच.

त्यामुळे अंतर शोधून काढावे लागते. लिफ्टऐवजी जमेल तितके मजले जिना. (मात्र गुडघ्याचा त्रास असलेल्या छोट्या कुत्र्याला उचलूनच न्यावे.) फेरीची वेळ सकाळी साडेसहाची किंवा रात्री जेवणानंतरची. पार्किंगमधल्या दोन गाड्यांमधली जागा आडोसा म्हणून उत्तम, कारण समोरचे दिसेनासे झाले की निम्मी भीती कमी होते. सोसायटीची परवानगी असेल, तर गच्ची हे सरावाचे सर्वांत चांगले मैदान. बोरिवली पूर्व आणि मुलुंडमध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानालगत राहणाऱ्यांनी मात्र अंधारातली फेरी टाळावी आणि पट्टा आखूड ठेवावा. बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा मोठा असतो.

मग उपाय कोणता?

जुनाच आहे आणि तो आधी एका मुलावर वापरला गेला. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवला जाई आणि तो रडणार नाही इतपतच हळूहळू जवळ आणला जाई. शेवटी तो सशाशी खेळू लागला. छोट्या कुत्र्यासाठी हेच करायचे आहे. ससा म्हणजे इथे लिफ्ट, शेजारचे काका किंवा गेटवरचा कुत्रा.

समजा, कुत्रा लिफ्टमधून बाहेर येणाऱ्यांवर भुंकतो. पहिल्या आठवड्यात लिफ्टजवळ जायचेच नाही. घराचे दार उघडे ठेवून आत, लिफ्टचा आवाज जेमतेम ऐकू येईल अशा ठिकाणी बसा. आवाज आला, कुत्र्याने कान टवकारले की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा मटाराएवढा तुकडा द्या. आवाज थांबला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग खाऊ. उलटे झाले, तर खाऊ दिसताच ‘आता काहीतरी भयंकर येणार’ असे तो शिकतो.

त्याने खाऊ घेतला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. चार पावले मागे या. खाऊन तो तुमच्याकडे ‘आता कुठाय?’ असे पाहू लागला, की दोन पावले पुढे जा. एका वेळी तीन ते पाच मिनिटे, दिवसातून दोनदा पुरेसे असते. पाच किलोच्या कुत्र्याचे पोट छोटे असते, म्हणून हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात देऊ नये.

‘घाबरलेला असताना खाऊ दिला तर भीतीला खतपाणी मिळेल’ हा आक्षेप नेहमी येतो. भीती ही भावना आहे, ठरवून केलेली कृती नव्हे. विजेच्या कडकडाटाने घाबरलेल्या मुलाला जवळ घेतल्याने ते पुढच्या वेळी जास्त घाबरत नाही.

आज्ञा कधी शिकवायच्या?

आजपासूनच, पण घरात. भेदरलेल्या अवस्थेत ‘सिट’ ओरडण्याचा उपयोग नसतो, त्या क्षणी त्याला काही सुचतच नसते. आधी दिवाणखान्यात, मग दारात, मग पॅसेजमध्ये, मग लिफ्टसमोर आणि सर्वांत शेवटी गेटवर, असा क्रम ठेवावा. मुंबईच्या इमारतीत चार आज्ञा खऱ्या कामाच्या ठरतात. नाव घेतल्यावर तुमच्याकडे पाहणे, ‘बस’, स्वतःच्या चटईवर जाऊन थांबणे आणि ‘चल मागे’ म्हणताच तुमच्याबरोबर जागच्या जागी वळणे. शेवटची सर्वांत महत्त्वाची, कारण कोपऱ्यावरून अचानक कुत्रा समोर आला तर तीच वाचवते. ती रिकाम्या पॅसेजमध्ये खेळासारखी शेकडो वेळा करून घ्यावी.

शब्द कोणत्या भाषेतला, याने फरक पडत नाही. (घरात सगळे मराठी आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजी, हे कोडे कुणीतरी सोडवायला हवे.) फरक पडतो तो एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे शब्द वापरण्याने. आजी ‘बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’, बाबा ‘खाली बस पाहू’. त्यातच भुंकू लागला की सगळे मिळून ‘बस्स! बस्स!’ ओरडतात. कुत्र्याला दोन्ही सारखेच ऐकू येते. चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावावेत.

शिकवताना जमिनीवर बसावे. वरून वाकणारा माणूस त्या उंचीवरून फार मोठा दिसतो. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस वापरावा. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरिअरसारख्या जातींमध्ये श्वासनलिका कमकुवत असण्याचे प्रमाण जास्त असते आणि झटक्यांनी त्रास वाढतो.

ओरडून, झटका देऊन लवकर शिकत नाही का?

गप्प होतो, शिकत नाही. पोर्तुगालमधील पोर्तो येथे प्रशिक्षण वर्गांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षेवर भर असलेल्या वर्गांतील कुत्र्यांमध्ये तणावाची लक्षणे आणि लाळेतील कॉर्टिसोल जास्त आढळले. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ मध्ये केवळ बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचीच शिफारस केली. व्यवहारातला धोका त्याहून सोपा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि एके दिवशी सूचना न देता चावतो. प्रशिक्षक नेमताना एकच प्रश्न विचारावा, ‘कुत्रा चुकला की तुम्ही काय करता?’

सोसायटी कुत्र्याला लिफ्टबंदी करू शकते का?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास मनाई करता येत नाही आणि भुंकणे हे कुत्र्यावर बंदी घालण्याचे कारण ठरत नाही. पण नियम दाखवून शेजाऱ्याची भीती जात नाही. लिफ्टमध्ये कोपऱ्यात उभे राहून कुत्र्याला आपल्या पायांमागे ठेवावे, कुणी आधीच आत असेल तर ‘तुम्ही जा, आम्ही पुढच्या फेरीला येतो’ म्हणावे. लहान मुलांना ‘हात लावू नका, तो घाबरतो’ असे स्पष्ट सांगावे. दात लागलेच, तर कुत्रा घरचा असो, लसीकरण झालेले असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

डॉक्टरांची गरज कधी असते?

वागणे अचानक बदलले असेल तर सर्वांत आधी. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकणे आणि दातांचे आजार नेहमीचे. दुखणारा कुत्रा चिडका दिसतो. भीती इतकी असेल की घरातही तो खात-झोपत नाही, तर पशुवैद्यक औषध सुचवू शकतात, पण ते प्रशिक्षणाच्या जोडीला. माणसांच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत.

किती दिवस लागतात?

आठवडे नव्हे, महिने. दोन पावले पुढे, एक मागे असेच चालते आणि सणासुदीत तर चार मागे. दहीहंडी आणि गणपतीची तयारी जूनमध्येच सुरू करावी, मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक ठेवून, खाऊबरोबर. विसर्जनाच्या दिवशी मात्र कोणताही सराव नको. संध्याकाळची फेरी दुपारी चारलाच आटपावी, खिडक्या बंद करून आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावावा, पलंगाखाली बसला तर तिथेच बसू द्यावे. हार्नेसवर फोन नंबर लिहिलेला बिल्ला आहे ना, हे सकाळीच तपासावे. आवाजाला घाबरून दारातून सटकलेला छोटा कुत्रा त्या गर्दीत हाका मारून परत येत नाही.