दीड मीटरची भानगड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे मराठीत लिहिताना मध्येच इंग्लिश डोकावणार, सांभाळून घ्या!

माझं आजोळ पुणतांबा. गोदावरीकाठचं, चांगदेव महाराजांच्या समाधीचं गाव. रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांनी हे जंक्शन पाहिलं असेल. रिटायर झाल्यावर आजोबांनी एकच चैन केली, ती म्हणजे अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर. रोज पहाटे भीमसेनजींचे अभंग. पण त्यांच्या मागे कायम एक बारीक 'हूंऽऽ' चालू असायचा.

मे महिन्यात मामेभाऊ आला तो एक जाडजूड, जाळीचं वेष्टण असलेली पॉवर कॉर्ड घेऊन. किंमत काही हजार! लावली आणि काय आश्चर्य, हूं गायब. आजोबा खूश, दादाची कॉलर टाईट. मी मात्र कागद-पेन घेऊन बसले.

बघा, साधी काळी कॉम्प्युटरची कॉर्ड दीड मीटरची, आत ०.७५ चौरस मिलिमीटर तांबं. जाणारी आणि येणारी तार मिळून रेझिस्टन्स साधारण ०.०७ ओहम. तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.०२. एक अँपियर करंटला फरक किती? ०.०५ व्होल्ट! आणि आमच्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की २३० चे १९० होतात. डीपीपासून घरापर्यंत शेकडो फूट अॅल्युमिनियमची तार, भिंतीतलं जुनं वायरिंग, आणि जादू म्हणे शेवटच्या दीड मीटरमध्ये. शिवाय आत गेल्यावर एसीचा डीसी होतो आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. नळाला पाणी टाकीतून येतं, टाकी भरणारा पाइप किती भारी आहे याच्याशी नळाला देणंघेणं नाही.

मग हूं गेला कसा? मल्टीमीटर लावला. दादाच्या कॉर्डची अर्थची जाड पिन आतून कुठेच जोडलेली नव्हती! नुसती शोभेची.

आता सगळं उलगडलं. सेट-टॉप बॉक्सचा आवाज अँप्लिफायरमधून जातो आणि केबल टीव्हीच्या तारेची जाळी बाहेर दुसरीकडे अर्थ झालेली असते. एका सिस्टिमला दोन अर्थ, दोन्हींच्या व्होल्टेजमध्ये थोडा फरक, म्हणून त्या वर्तुळात ५० हर्ट्झचा करंट फिरतो. हाच ग्राउंड लूप. एक अर्थ तोडला की लूप तुटतो, हूं बंद. पण त्याचबरोबर सेफ्टीही बंद! केबल काढून अँप्लिफायरच्या पत्र्याला टेस्टर लावला तर पेटला. अर्थ नसेल तर आतल्या फिल्टरमुळे पत्र्यावर व्होल्टेज येतं. त्याचा करंट अगदी किरकोळ, पण उद्या आत फेज पत्र्याला टेकली तर? आजी तो पत्रा रोज ओल्या फडक्याने पुसते हो!

वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावून दाखवला. कसाबसा मिणमिणत होता. (हा प्रयोग तुम्ही करू नका.) खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला होता. मीठ, कोळसा, चार बादल्या पाणी, आणि बल्ब लख्ख. साधी कॉर्ड परत लावली, केबल टीव्हीच्या तारेत एक छोटा आयसोलेटर बसवला. हूं गेला.

तरी दादा ऐकेना, "आवाजात फरक आहेच!" म्हणून परीक्षा घेतली. टीव्हीची केबल काढून साधी, जाड आणि त्याची, अशा तीन कॉर्ड बहिणीने कपाटामागून बदलल्या. बारा वेळा. दादाने पाच बरोबर ओळखल्या. डोळे मिटून अंदाजाने सांगितलं तरी सरासरी चार येतात. कॉर्ड बदलायला अर्धा मिनिट जायचा, तेवढ्यात आधीचा आवाज नीट लक्षात राहत नाही, हे मात्र मान्य. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "पोरी, मला तिन्ही सारखेच. तू आधी चहा टाक."

दादाची कॉर्ड मी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून पकडीने मधोमध तोडली. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.