विहिरीचें सोवळें

नदी नासली तर ती डोळ्यांना दिसते. तिचा रंग पालटतो, पाण्यावर फेंस येतो, मासे मरून कांठाला लागतात आणि सारा गांव नाकाला पदर लावून हळहळूं लागतो. विहिरीचें तसें नाहीं. तिचे झरे जमिनीच्या पोटांत असतात. तेथें काय चाललें आहे हें कोणासहि दिसत नाहीं. एके दिवशीं पोहरा वर येतो, त्यांतील पाणी काळसर दिसतें, आणि मग सर्वांचे डोळे उघडतात; परंतु तोंपर्यंत वेळ निघून गेलेली असते. कारखान्यांच्या सांडपाण्यापासून गांवच्या भूजलाचें रक्षण कसें करावें, हा प्रश्न म्हणूनच नदीच्या प्रश्नाहून अवघड आहे. आमच्या मतें तो केवळ सरकारचा नव्हे, प्रत्येक कुटुंबाचा आहे. कसा, तें एका गांवाच्या हकीकतीवरून सांगतों.

राजस्थानांत उदयपूर शहराजवळ बिछडी नांवाचें गांव आहे. १९८७ च्या सुमारास तेथील एका रासायनिक कारखान्यांत एच-ॲसिड नांवाचा पदार्थ तयार होऊं लागला. कापड रंगविण्याचे अनेक रंग या पदार्थापासून बनतात. माल परदेशीं पाठवावयाचा होता. न्यायालयापुढें आलेल्या आंकड्यांप्रमाणें अवघा ३७५ टन माल निघाला. परंतु त्यापायीं सुमारें २,४४० टन विषारी गाळ मागें उरला. माल समुद्रापार गेला, गाळ गांवांत राहिला. तो उघड्यावर टाकण्यांत आला, आणि आम्लयुक्त सांडपाणीहि तसेंच सोडून देण्यांत आलें. पाऊस पडला, तसें तें विष पाण्याबरोबर जमिनींत मुरत गेलें. विहिरींचें पाणी काळें व घाण झालें. सुमारें ६० विहिरी बिघडल्या आणि ३५० हेक्टरांहून अधिक जमीन दूषित झाली. लोक इतके खवळले कीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि जानेवारी १९८९ मध्यें तो कारखाना बंद झाला.

म्हणजे एच-ॲसिडचा हा उद्योग फार तर दोन वर्षांच्या आंतबाहेर चालला. त्याचा निकाल लागावयास किती काळ लागला तें आतां पाहावें. १९८९ सालींच एका संस्थेनें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. आपल्या नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें, म्हणजे ‘नीरी’नें, जागेवर जाऊन पाहणी केली व १९९४ सालीं अहवाल दिला. १३ फेब्रुवारी १९९६ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं ज्यानें दूषण केलें त्यानेंच तें निवारण्याचा खर्च सोसला पाहिजे. हें तत्त्व पुढें आपल्या देशांतील अनेक खटल्यांना आधारभूत झालें. खर्चाची रक्कम सुमारें ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरली. ती मात्र भरली गेली नाहीं. अर्जांवर अर्ज होत राहिले. अखेर जुलै २०११ मध्यें न्यायालयाला त्या रकमेवर १९९७ पासून शेंकडा १२ दरानें चक्रवाढ व्याज लावण्याची पाळी आली. १९८९ सालीं जी मुलगी परकर नेसून त्या विहिरीवर जात असेल, ती २०११ सालीं स्वतः लेकुरवाळी झालेली असेल. न्याय गांवाच्या बाजूनें झाला, यांत संशय नाहीं. परंतु न्यायालयाच्या हुकुमानें झरा निवळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

झरा कां निवळत नाहीं? येथें आम्हांस आमची एक चूक कबूल केली पाहिजे. शाळेंत असतांना आम्ही मुलांना सांगत असूं कीं जमीन ही निसर्गाची गाळणी आहे; विहिरीचें पाणी मातींतून गाळून येतें, म्हणून तें शुद्ध. हें अर्धेंच खरें होतें. माती गढूळपणा अडविते, पुष्कळसे रोगजंतूहि अडविते; परंतु पाण्यांत विरघळलेले क्षार, आम्लें व कित्येक रसायनें तिच्यांतून खालीं उतरतात. त्यांत आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या कातळाचा आहे. येथें पाणी सांठतें तें कातळाच्या भेगांत आणि त्यावरील मुरमांत. भेग कोठून निघून कोठें जाते हें वरून कळत नाहीं. एका शिवारांत ओतलेलें विष दुसऱ्याच शिवारांतल्या विहिरींत प्रकट होऊं शकतें. नदीला पूर येतो व ती धुऊन निघते. भूजलाला पूर नाहीं, तें कूर्मगतीनें सरकतें. बिघडावयास एखादा पावसाळा पुरतो, सुधारावयास पिढीहि पुरत नाहीं. तात्पर्य, येथें औषधापेक्षां पथ्यच महत्त्वाचें.

पथ्याचा विषय निघाला म्हणून सोवळ्याविषयीं दोन शब्द लिहितों. कोणास कटु वाटल्यास क्षमा असावी. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत पाण्यांत मलमूत्र, थुंकी, रक्त किंवा विष टाकूं नये असा स्पष्ट निषेध आहे. विहिरी व तळीं बांधणें हें तर पूर्तकर्म, म्हणजे पुण्यकर्म मानलें आहे. हें सारें आम्ही पाठ केलें आणि आचरणांत मात्र भलतेंच आणलें. माणसाच्या स्पर्शानें पाणी बाटतें असें आमच्या समाजानें मानलें. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी प्याले, तेव्हां सवर्णांनीं पंचगव्यानें तें तळें ‘शुद्ध’ करून घेतलें! माणसाच्या हातानें त्या पाण्याचें कांहींएक बिघडलें नव्हतें. ज्यानें खरोखर बिघडतें त्याविषयीं आम्ही किती दक्ष राहिलों? विहिरीचें सोवळें पाळावयाचेंच असेल तर तें माणसाविरुद्ध नव्हे, विषाविरुद्ध पाळावें. आणि तें एकट्याच्या घरापुरतें पाळून भागणार नाहीं. पैसेवाला बाटलीचें पाणी विकत आणील. ज्याच्या चुलीला, गुरांना आणि पिकाला तीच एक विहीर, त्यानें काय करावें?

आतां सुशिक्षित कुटुंबाच्या हातून होण्यासारखें काय, तें सांगतों. पहिली गोष्ट, विहिरीचें अथवा कूपनलिकेचें पाणी वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें आणि निकाल तारखेसह वहींत उतरून ठेवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. पाणी पूर्वीं चांगलें होतें याचा लेखी पुरावा नसेल, तर तें बिघडलें हें सिद्ध करणें कठीण जातें. शेजारीं कारखाना असेल तर तेथें कोणतीं रसायनें वापरतात याची चौकशी करून त्यांचीच तपासणी मागावी. साध्या तपासणींत तीं सांपडतीलच असें नाहीं. दुसरी गोष्ट, उकळण्यावर किंवा तुरटीवर विसंबूं नये. उकळल्यानें जंतु मरतात, क्षार व जड धातु जात नाहींत. उलट पाणी आटलें म्हणजे त्यांचें प्रमाण वाढतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणें कित्येक प्रकारच्या उद्योगांना परवानगी देण्यापूर्वीं जाहीर सुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधीं वर्तमानपत्रांत येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंत पाहावयास ठेवावा लागतो. ही सूचना आपण वाचतों काय? आम्ही स्वतः कित्येक वर्षें तें पान उलटून अग्रलेखाकडे वळत होतों! गांवांत जो चार बुकें शिकला आहे, त्यानें तो सारांश आणावा, पारावर बसून सर्वांना वाचून दाखवावा, आणि गाळ कोठें टाकणार, सांडपाणी कोठें सोडणार, हे दोन प्रश्न सुनावणींत उभें राहून विचारावे. चौथी गोष्ट, १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येंत भूमिगत पाण्याचाहि समावेश आहे, हें ध्यानांत ठेवून संशय येतांच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करावी व तिची पोंच घ्यावी.

यांतील एकहि गोष्ट कारखान्यांचा द्वेष म्हणून सांगितलेली नाहीं. आपल्या अंगावरचें रंगीत वस्त्र कोठल्या तरी कारखान्यांतूनच येतें. परंतु त्या रंगाची किंमत दुकानदाराला मोजून संपत नाहीं. तिचा उरलेला भाग कोणा तरी अनोळखी गांवची विहीर भरीत असेल, तर त्या व्यवहारांत आपणहि वाटेकरी आहों.

वाचकभगिनींस एक विनंती करून लेख पुरा करतों. घरांत दुधाची व वाण्याची वही असतेच. तिच्याजवळ पाण्याची एक वही या पावसाळ्यापूर्वीं ठेवावी. पूर्वजांनीं विहिरी बांधून पुण्य जोडलें. आपल्या वांट्याला त्या राखण्याचें काम आलें आहे.