खाऱ्या हवेत नट-बोल्टांचा डबा कसा निवडावा

मालवण, देवबाग, आचरा, निवती, वेंगुर्ला अशा किनाऱ्यावरच्या गावांत हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाकडे बारीक सामान असतेच. होडीच्या इंजिनाच्या कॉटर पिना, स्कूबावाल्यांच्या ओ-रिंगा, प्लंबरचे वॉशर, वायरमनचे लग आणि फ्यूज. बहुतेक वेळा हे सगळे आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात किंवा दुकानातून आले त्याच कागदी पुडीत पडून राहते. घाटावर तेवढ्याने भागते. इथे मात्र एका पावसाळ्यात वॉशर एकमेकांना चिकटतात आणि स्क्रूच्या खाचेत गंज धरतो. म्हणून या सामानासाठी चांगला डबा घेणे ही चैन नव्हे. आणि डबा घेताना कप्पे मोजण्याआधी त्याचे झाकण तपासावे.

इथला गंज वेगळा का?

लाटांचे तुषार वाऱ्यावर येतात आणि मिठाचा अगदी पातळ थर लोखंडावर बसतो. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी धरते. त्यामुळे पाऊस नसतानाही बोल्टवर खाऱ्या ओलाव्याचा पापुद्रा टिकून राहतो. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या सिंधुदुर्गात चार महिने तर हवा सुकतच नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. त्याच्या काही दिवस आधीच पुतळ्याचे नट-बोल्ट पाऊस आणि खाऱ्या वाऱ्याने गंजत असल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने पत्राने कळवले होते. पुतळ्याचे अनावरण होऊन तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. कोसळण्याची कारणमीमांसा हा वेगळा विषय आहे, पण या हवेत उघडे लोखंड किती लवकर खराब होते ते यावरून कळते.

आधी वजनाचा हिशेब

लोखंड पाण्याच्या पावणेआठ पट जड असते. बोल्ट भरताना मध्ये पोकळी राहते हे धरले, तरी एका लिटरच्या जागेत चार किलोच्या आसपास माल बसतो. 35 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 6 खोल असा डबा दिसायला आटोपशीर वाटतो, पण तो बोल्टांनी गच्च भरला तर वीस किलोच्या घरात जातो. एवढ्या ओझ्यासाठी त्याची मूठ बनवलेलीच नसते. गुडघाभर पाण्यातून होडीवर चढायचे तर एक हात मोकळा लागतो. म्हणून एका मोठ्या डब्याऐवजी दोन-तीन लहान डबे घ्यावेत आणि ते कामानुसार वाटावेत: एक इंजिनाचा, एक नळाचा, एक विजेचा. ज्या कामाला निघालो तेवढाच डबा उचलायचा.

प्लास्टिक ओळखा

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 6 म्हणजे पॉलिस्टायरीन. काचेसारखे स्वच्छ दिसणारे स्वस्त डबे पुष्कळदा पॉलिस्टायरीनचे असतात. ते पडले की तडकतात आणि पेट्रोल लागले की विरघळू लागतात. आकडा नसेल तर घरातल्या तुटक्या डब्याचा तुकडा पाण्यात टाकून पाहा. पॉलिप्रॉपिलीन तरंगते, पॉलिस्टायरीन बुडते.

होडीवर न्यायच्या डब्याचे अंग पॉलिप्रॉपिलीनचे असावे. पेट्रोल-तेलाचे शिंतोडे ते सोसते आणि त्याची अंगचीच पातळ बिजागरी हजारो वेळा वाकली तरी तुटत नाही. त्याला सोसत नाही ते ऊन. उन्हात राहिलेला डबा पांढुरका पडतो आणि ठिसूळ होतो. काळ्या रंगाचा डबा त्या मानाने अधिक टिकतो, तरी तोही सावलीत ठेवलेला बरा. पारदर्शक झाकण हवे असेल तर पॉलिकार्बोनेट मजबूत, पण थिनर किंवा पेट्रोलने पुसले तर त्यावर बारीक चिरा पडतात. पत्र्याचा डबा वर्कशॉपच्या फळीवर ठीक. समुद्रावर त्याचा रंग जिथे खरवडला जातो तिथून गंज सुरू होतो.

झाकण, कप्पे आणि क्लिप

डबा नेहमी आडवा राहत नाही. स्कूटरच्या हुकाला तो उभा लटकतो, होडीत कलंडतो. झाकण आणि कप्प्यांच्या भिंती यांत फट असेल तर सगळा माल एक होतो. दुकानातच परीक्षा घ्या. एका कप्प्यात सर्वांत बारीक वॉशर टाका, झाकण लावा, डबा उभा आणि उलटा करून हलवा. एक जरी वॉशर शेजारी गेला, तर तो डबा घेऊ नका.

सरकत्या पट्ट्यांच्या कप्प्यांत बारीक माल पट्टीखालून निसटतो. त्यापेक्षा सुट्या वाट्यांचा डबा सोयीचा, कारण हवी ती वाटी उचलून थेट कामाजवळ नेता येते. क्लिप ओल्या हाताने उघडून-लावून पाहा. बिजागरीत धातूची सळई असेल तर तिला चुंबक लावा. चुंबक घट्ट चिकटला तर ती बहुधा साध्या लोखंडाची, म्हणजे डब्याआधी तीच गंजेल.

वॉटरप्रूफ डबा कोणाला हवा?

आयपी67 म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही पाणी शिरत नाही. मासेमारी आणि डायव्हिंगवाल्यांनी रबरी गॅस्केटचा असा डबा जरूर घ्यावा. घरोघरी फिरणाऱ्या कारागिराला घट्ट झाकणाचा साधा डबा पुरतो.

हवाबंद डब्याचा एक धोका आहे. ओले सामान ठेवून झाकण लावले तर ओल आतच कोंडते. सामान गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मगच ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांची ताकद संपली असे समजून पुडी बदला. रंगीत दाण्यांत कोबाल्टचे क्षार असू शकतात, म्हणून ते मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

काय कशाबरोबर ठेवू नये

पितळ, स्टेनलेस आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड) यांची एकत्र भेळ नको. खाऱ्या ओलाव्यात वेगवेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक लवकर झिजतो. स्टेनलेस बोल्टच्या डोक्यावरची खूण वाचा. ए2 म्हणजे 304 जातीचे पोलाद, ए4 म्हणजे 316 जातीचे. ए4 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते समुद्रावर अधिक टिकते, म्हणून त्याला वेगळा कप्पा द्या. लोखंडी मालाला तेलाचा पातळ हात फिरवा, पण ओ-रिंगा त्यापासून दूर ठेवा, कारण तेलाने काही जातींचे रबर फुगते. कागदी पुड्या आणि पुठ्ठा डब्यात नकोच, ते ओल धरून ठेवतात.

पावसाआधीची साफसफाई

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि होड्या झापांनी शाकारलेल्या असतात. डबे धुण्याचे काम मात्र मेअखेर, कडक ऊन असतानाच उरका. डबे रिकामे करून खार धुवा, सुकवा, गॅस्केटला चिरा आहेत का पाहा. गंजलेला नट पुढे वापरू म्हणून ठेवू नका, तो भर समुद्रात दगा देतो.

सुरुवात एका लहान डब्याने करा: पॉलिप्रॉपिलीनचा, कप्प्यांवर घट्ट बसणाऱ्या झाकणाचा, त्यात फक्त रोज लागणारा माल. हंगामभर वापरल्यावर कमी पडला तर त्याच मापाचा, त्याच्यावर बसणारा दुसरा घ्या.