‘६ वेळा काही झालं नाही’ याचा अर्थ काय?

दौंडचं कुरकुंभ असो की शिरूरचं रांजणगाव, रसायनाचं पिंप हाताळणारा कामगार सुरक्षा-पत्रकातल्या आकड्यावर विसंबतो. तो आकडा येतो कसा, ते आपण पाहू.

पदार्थाच्या चिमूटभर नमुन्यावर ठरावीक उंचीवरून वजन पाडतात. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीत एका ऊर्जेला ६ चाचण्या. सहाही वेळा स्फोट नाही, म्हणजे धोका शून्य का? नाही. सरासरी दहात एकदा भडकणारा पदार्थसुद्धा सलग ६ वेळा गप्प राहण्याची शक्यता ५३ टक्के असते!

शिवाय कणांचा आकार, ओलावा, तापमान बदललं की निकालही बदलतो. म्हणून आपण विचारायचं: नमुना ओला होता की कोरडा? चाचण्या किती झाल्या? ओल्या मालाचा आकडा झाकणाच्या आट्यांत सुकलेल्या भुकटीला लावता येत नाही.