सकाळच्या घाईत लेकरू पायात घुटमळतंय? मोबाइल हातात न देताही ते खेळात रमू शकतं

सकाळी सहा ते आठ ही वेळ कोणत्याही घरात सारखीच. एका बाजूला भाकऱ्या, दुसऱ्या बाजूला मोठ्याचा शाळेचा डबा. पाणी आलं की भरायचं, कुणाला चिकूच्या वाडीत कामाला जायचंय, कुणाला बोईसरची कंपनी गाठायचीय, कुणाची डहाणूहून लोकल आहे. आणि नेमकं त्याच वेळी दीड-दोन वर्षांचं लेकरू आईच्या साडीला धरून "घे, घे" करत भोकाड पसरतं. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल हातात जातो आणि घर शांत होतं.

पण ही शांतता महागात पडते. मोबाइल काढून घेतला की रडणं दुप्पट, आणि दुसऱ्या दिवशी डोळे उघडल्या उघडल्या मोबाइलचीच मागणी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसभरात एका तासाच्या वर नको, त्याहून कमी असेल तर उत्तम. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं जवळपास हेच आहे. आता एका खोलीच्या घरात, हाताखाली कुणी नसताना आईने मोबाइल दिला म्हणून तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग काय, ते बघू.

मार्ग आहे, पण तो सकाळी कामाला लागण्याच्या आधी सुरू होतो.

रात्रभर झोपून उठलेल्या मुलाला आधी आई लागते. आपण मात्र ते उठलं की बाजूला बसवतो आणि कामाला लागतो. ते रडतं, आपण एक मिनिट घेतो, खाली ठेवतो. पुन्हा रडतं, पुन्हा घेतो. असं करत अर्धा तास जातो आणि मुलाचं मन काही भरत नाही. त्यापेक्षा उठल्यावर दहा मिनिटं त्याला पूर्ण द्या. मांडीवर घ्या, दूध पाजा, कोंबड्या दाखवा, गप्पा मारा. हात दुसऱ्या कामात नको, मोबाइलमध्ये तर अजिबात नको. पोट आणि मन दोन्ही भरलेलं मूल खाली सोडलं की स्वतःहून इकडेतिकडे बघायला लागतं. हे आईनेच करायला हवं असंही नाही. बाबा त्या वेळी दात घासत अंगणात उभे असतातच की!

मग त्याला जागा द्या. तुम्ही त्याला दिसाल आणि ते तुम्हाला दिसेल, पण चुलीपासून किंवा गॅसपासून लांब, अशी. ओटीवर, पडवीत किंवा घरातल्या एका कोपऱ्यात गोधडी अंथरली तरी चालतं. रोज तीच जागा असू द्या. चार-आठ दिवसांत मुलाला कळतं की इथे बसलं की खेळायचं.

खेळणी विकत आणायची गरज नाही

हे आपल्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि पुढे १९५७ मध्ये त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. सरकारची अंगणवाडी योजना त्यानंतर, १९७५ मध्ये आली. कोसबाडच्या बाईंनी शहरातली महागडी साधनं आणली नाहीत. शिंपले, दगड, पानं, बिया, माती, म्हणजे मुलांच्या आजूबाजूला जे पडलेलं असतं त्यातूनच शिकवलं.

घरातही तेच करायचं. एक टोपली घ्या. त्यात दोन-तीन स्टीलच्या वाट्या, एक मोठा चमचा, झाकणाचा प्लास्टिकचा डबा, जुन्या साडीचे तुकडे, दाणे काढलेलं मक्याचं कणीस. बस्स. डब्यात घालणं, ओतून टाकणं, पुन्हा घालणं, यात या वयाचं मूल रमतं. आपल्याला तो पसारा वाटतो, त्याच्यासाठी ते काम असतं. एका वेळी चार-पाचच वस्तू द्या. वीस वस्तू समोर टाकल्या की ते एकही धड हातात धरत नाही. दोन-तीन दिवसांनी दोन वस्तू बदला, म्हणजे टोपली पुन्हा नवी.

मूल खेळायला लागलं की आपण एक गोष्ट हमखास करतो, मध्ये तोंड घालतो. "अरे असं नाही, असं ठेव." "हा रंग कोणता सांग?" रमलेलं मूल मग वर बघतं आणि त्याला आठवतं की आई इथेच आहे, चला तिच्याकडे. म्हणून ते रमलंय तोवर काही बोलू नका. त्याने हाक मारली तर कामाला लागूनच उत्तर द्या, "मी इथेच आहे रे, भाकरी करतेय." पुष्कळदा तेवढा आवाज पुरतो.

पहिल्या दिवशी दोन-तीन मिनिटं खेळलं तरी पुष्कळ झालं. रडत आलं तर जवळ घ्या, थोडं थांबा, पुन्हा टोपलीपाशी बसवा. हळूहळू वेळ वाढतो. आणि त्याची नजर चुकवून पळून जाऊ नका. पाणी आणायला जाताना सांगून जा आणि त्याच्यापाशी मोठं माणूस बसवून जा. ज्या मुलाची आई न सांगता गायब होते, ते पुढच्या वेळी पदर आणखी घट्ट धरतं. घरातली आजी म्हणेल, "लेकराला एकटं का टाकलंय?" तिला सांगा, टाकलेलं नाही, सगळ्यांच्या नजरेसमोर आहे. जमलं तर आजीलाच टोपलीजवळ बसवा, फक्त तिने उगाच उचलून घ्यायचं नाही!

नजरेआड नाही म्हणजे नाही

एकटं खेळणं म्हणजे एकटं सोडणं नव्हे. या वयाचं मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं. डोकं जड असतं, तोल गेला की स्वतःहून वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. सकाळी पाणी भरायच्या वेळी बादल्या, पिंप, हौद सगळंच उघडं असतं. झाकण लावा, रिकामी बादली उपडी ठेवा. आंघोळीचं तापलेलं पाणी आणि चहाचं पातेलं जमिनीवर ठेवू नका.

टोपलीत तोंडात मावेल असं काही नको. चिंचोके, शेंगदाणे, मणी, चिकूच्या बिया घशात अडकतात. शिंपले द्यायचेच तर मुलाच्या मुठीपेक्षा मोठे आणि कडेला धार नसलेले. रिमोटमधले किंवा वाजणाऱ्या खेळण्यातले बटणासारखे चपटे सेल सगळ्यात वाईट. असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा. फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे, ती आजच सोडा. आणि सहा-सात वर्षांच्या ताईला "बाळाकडे बघ" म्हणून सगळं तिच्यावर टाकू नका, तीही लहानच आहे.

एखाद्या दिवशी काहीच जमणार नाही. ताप असेल, दात येत असतील, रात्री झोप झाली नसेल, तर त्या दिवशी मूल कडेवरच राहणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपली काढा.

याच्या उलटही एक गोष्ट लक्षात ठेवा. काही मुलं फारच 'शांत' असतात. नावाने हाक मारली तरी वळून बघत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत, बोट दाखवून काही मागत नाहीत, तासन्‌तास एकच वस्तू फिरवत बसतात. अशा मुलाला गुणी म्हणून गप्प बसू नका. अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत मुलांच्या तपासणीला येतं. ऐकू येण्यात किंवा वाढीत काही अडचण दिसली तर ते पुढे पाठवतात, आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पथकाची तारीख सेविकेला माहीत असते, विचारून ठेवा.