वर्दी कुणाला मिळते? नागरिक, रहिवासी आणि मधले

लेखमाला : कायदा आपल्या गल्लीत
लेखांक ७

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या पोरापोरींची धावपळ दोन ठिकाणी सुरू होते, मैदानावर आणि सेतू केंद्रात. मैदानावरचं गणित सगळ्यांना पाठ असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असे मिळून ५० गुण. ‘ग्राउंड निघालं’ की १०० गुणांची लेखी परीक्षा, तीही मराठीतून. सेतूतलं गणित मात्र बहुतेकांना ऐन वेळी कळतं, कारण तिथे पायांचा जोर उपयोगाचा नसतो.

तिथून जो कागद काढायचा असतो, त्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. बोलताना सगळे ‘डोमिसाईल’च म्हणतात. जन्मतारीख, भारतीय असणं आणि महाराष्ट्राचं रहिवासी असणं, या तिन्ही गोष्टींवर तहसील कार्यालयाचा एकच शिक्का बसतो. त्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा जोडावा लागतो : शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, घरटॅक्सची पावती, लाईटबिल. भाड्याच्या खोल्या बदलत वाढलेल्या मुलाची अडचण इथेच होते. मुक्काम सगळा नागपुरातच झालेला असतो, पण त्याचा सलग कागद नसतो.

मागच्या लेखांकात आपण पोलीस ठाण्याची हद्द कशी ठरते ते पाहिलं. आज त्या ठाण्यात नेमणूक कुणाची होऊ शकते, ते पाहू. प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या अटी आहेत. एक नागरिकत्वाची, दुसरी रहिवासाची. जगात अनेक ठिकाणी पहिली अट सैल होते आहे. आपल्याकडे पहिली तर घट्ट आहेच, शिवाय दुसरी नागरिकांनाही लागू आहे.

आधी बाहेरचं बघू. इंग्लंडमध्ये २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याने पोलीस दलाचं दार परदेशी नागरिकांना उघडलं. ज्याच्या वास्तव्यावर मुदतीचं बंधन नाही, असा परदेशी माणूस तिथे कॉन्स्टेबल होऊ शकतो. न्यूझीलंडमध्येही कायम रहिवाशाला पोलिसात जाता येतं. अमेरिकेत हा निर्णय राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात पूर्वी नागरिक, किंवा नागरिकत्वासाठी अर्ज केलेला कायम रहिवासी, एवढ्यांनाच वर्दी मिळे. २०२२ मध्ये तिथे कायदा बदलला आणि जानेवारी २०२३ पासून कायदेशीर काम करण्याची परवानगी असलेला कुणीही पात्र ठरला. इलिनॉयने २०२३ मध्ये तशीच वाट धरली. कारणं व्यवहाराची होती. दलात माणसं कमी पडत होती आणि स्थलांतरितांच्या वस्त्यांमध्ये त्यांची भाषा बोलणारा पोलीस मिळत नव्हता.

याच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, फोली विरुद्ध कॉनेली खटल्यात, उलट बाजूने कौल दिला होता. न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसात फक्त नागरिक घेण्याचा नियम न्यायालयाने वैध ठरवला. पोलिसाला लोकांवर थेट बळ वापरण्याचा अधिकार असतो आणि तो कधी वापरायचा हे बऱ्याचदा तो जागेवर, एकटा ठरवतो. असा अधिकार आपल्यातल्याच माणसाकडे असावा, असं समाजाला वाटलं तर त्यात गैर नाही, असा त्या निकालाचा सूर होता. म्हणजे राज्याने हवं तर दार उघडावं, हवं तर बंद ठेवावं. दोन्ही चालतं.

आता आपल्याकडे. राज्यघटनेचं कलम १४ कायद्यापुढची समानता प्रत्येक ‘व्यक्ती’ला देतं, मग ती कोणत्याही देशाची असो. सरकारी नोकरीतली समान संधी देणारं कलम १६ मात्र फक्त ‘नागरिकां’साठी आहे. त्यामुळे परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मराठी कुटुंबांकडे ओसीआय कार्ड असलं, तरी सरकारी नोकरीतल्या समान संधीचा हक्क त्यांना नाही. नागरिकत्व कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

पण सरसकट बंदीही नाही. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेचे नियम नीट वाचले की गंमत कळते. आयएएस आणि आयपीएससाठी भारताचा नागरिकच लागतो. इतर अनेक सेवांसाठी नेपाळ-भूतानचे प्रजाजन, १ जानेवारी १९६२ पूर्वी आलेले तिबेटी निर्वासित आणि पाकिस्तान, श्रीलंका, केनिया अशा देशांतून कायम राहण्याच्या इराद्याने आलेले भारतीय वंशाचे लोक पात्रता प्रमाणपत्र घेऊन बसू शकतात. म्हणजे आयकर खात्यात अधिकारी होण्याचा रस्ता उघडा आहे, आयपीएस होण्याचा बंद.

हे ‘मधले’ लोक नागपूरला नवे नाहीत. पाकिस्तानातून आलेली सिंधी हिंदू कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर शहरात राहतात, जरीपटक्यात विशेष. २०१६ मध्ये केंद्राने या व्हिसाधारकांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही ठराविक जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले, त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारीही होते.

समजा, अशा घरातली एक मुलगी २००६ मध्ये नागपुरातच जन्मली आणि तेव्हा आईवडील दोघंही व्हिसावर होते. जन्म इथला असला तरी ती आपोआप भारतीय होत नाही, कारण ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी किमान एक जण नागरिक असावा लागतो आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा लागतो. आईवडिलांची नोंदणी झाली, तर मुलांनाही नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. पण फाईल अडकली तर बारावी झालेली, रोज पहाटे ८०० मीटर पळणारी ही मुलगी ‘राष्ट्रीयत्व’ या शब्दापाशीच थांबते. भरतीचं वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८. फाईल मात्र वय बघत नाही.

दुसरं उदाहरण गोंदिया जिल्ह्यातलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्गेलिंग वसाहत आहे. भारताने १९६२ मध्ये तिबेटींना घेऊन स्पेशल फ्रंटियर फोर्स उभारला. ऑगस्ट २०२० मध्ये लडाखमध्ये या दलाचा एक तिबेटी कंपनी लीडर सुरुंगाच्या स्फोटात मारला गेला. म्हणजे निर्वासित सीमेवर जीव देऊ शकतो, पण नागरिकत्वाचा कागद नसेल तर गोंदियाच्या ठाण्यात शिपाई होऊ शकत नाही. सीमेवर बळ शत्रूवर चालतं, ठाण्यात आपल्याच नागरिकांवर, असा फरक सांगता येतो आणि त्यात तथ्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो. हा लहानसहान अधिकार नव्हे.

दुसरी अट रहिवासाची. इथे तर नागरिकच नागरिकाच्या आड येतो. कलम १६ (२) म्हणतं, निव्वळ जन्मस्थान किंवा रहिवास यावरून सरकारी नोकरीत भेदभाव नको. कलम १६ (३) म्हणतं, राज्यातल्या नोकरीला रहिवासाची अट घालायची असेल तर तसा कायदा संसदेने करावा. संसदेने १९५७ मध्ये कायदा केला, तो तेलंगण, हिमाचल, मणिपूर, त्रिपुरा अशा मोजक्या भागांपुरता, आणि त्याची मुदत १९७४ मध्ये संपली. महाराष्ट्रासाठी असा कायदा झालेला नाही. राजस्थानात शिक्षक भरतीत त्याच जिल्ह्याच्या रहिवाशांना जादा गुण दिले जात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, कैलाशचंद शर्मा खटल्यात, ते घटनाबाह्य ठरवले. तरीही डोमिसाईलची मागणी भरतीत वर्षानुवर्षं चालूच आहे.

या मागणीला एक अपवाद मात्र सरकारनेच केला आहे. कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मराठी भाषक उमेदवारांना १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाने राज्याच्या नोकऱ्यांची वाट मोकळी केली. त्यांनी पंधरा वर्षं त्या गावांत राहिल्याचा दाखला दिला की पुरे. बेळगावकडच्या मुलाला हा न्याय मिळाला, हे चांगलंच झालं. पण नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचं काय? ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. पांढुर्णा, सौसर आणि सक्करदरा एकाच राज्यात होते, पोलीस खातंही एकच. दुसऱ्या दिवशी राज्यांची सीमा बदलली. माणसांची भाषा आणि सोयरीक तशीच राहिली. आज पांढुर्ण्याचा मराठी मुलगा नागपुरात परका आणि कुडाळचा मुलगा घरचा.

‘स्थानिक पोलीस हवा’ या म्हणण्याला अर्थ आहे. लढायला परका शिपाईही चालतो. नागपूरकर भोसल्यांनी अरब शिपाई पदरी ठेवले होते आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांसमोर त्यांनी शहर चिवटपणे लढवलं. पण लढाई आणि रोजचा बंदोबस्त ही वेगळी कामं आहेत. शेजाऱ्यांचं भांडण मिटवायला, घाबरलेल्या बाईचं बोलणं समजून घ्यायला भाषा आणि वस्तीची ओळख लागते. ती तपासायला मराठीतून घेतलेली लेखी परीक्षा उपयोगी पडते. पंधरा वर्षांच्या लाईटबिलांतून ती कळत नाही.

म्हणून या लेखाचा निष्कर्ष दोन भागांत. अटकेचा अधिकार असलेल्या पदासाठी नागरिकत्वाची अट ठेवणं रास्त आहे. मग नागरिकत्वाच्या अर्जावर ठराविक मुदतीत निर्णय देणं हेही सरकारचं कर्तव्य ठरतं, नाहीतर अट रास्त असूनही वागणूक अन्यायाची होते. आणि रहिवासाची अट हवीच असेल तर सरकारने ती संसदेकडून कायद्याने करून घ्यावी. तोवर भाषेची परीक्षा पुरेशी मानावी.

हे बदल होतील तेव्हा होतील. सध्या घरात भरतीची तयारी करणारं कुणी असेल तर जाहिरातीची वाट बघू नका. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतूत आजच डोमिसाईलचा अर्ज टाका, आणि टीसीवरची जन्मतारीख व नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का ते आधी बघून घ्या.

(पुढच्या आठवड्यात : निवड झाल्यावरची चारित्र्य पडताळणी)