त्रिफळा चूर्णाचे परीक्षण : कॉलम व चल प्रावस्थेची निवड

आयुर्वेदीय कल्पांच्या परीक्षणात उच्चक्षमता द्रव वर्णलेखन, अर्थात एच.पी.एल.सी., ही पद्धती आता रुळली आहे. त्रिफळा चूर्णाच्या अहवालातील गॅलिक आम्लाचा आकडा पाहून आपण चूर्णाची प्रत ठरवितो. मात्र तो आकडा कोणत्या कॉलमवर व कोणत्या चल प्रावस्थेत मिळाला, हे जाणल्याखेरीज त्याचा अर्थ लागत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम कॉलमचा विचार करू. बहुधा सी-18 कॉलम वापरतात. त्यातील सिलिकेच्या सूक्ष्म कणांवर अठरा कार्बनांच्या शृंखला जोडलेल्या असतात. जलद्वेषी द्रव्ये त्यांवर अधिक काळ रेंगाळतात. जलस्नेही द्रव्ये लवकर बाहेर पडतात. गॅलिक आम्ल जलस्नेही आहे. चल प्रावस्थेत ॲसिटोनायट्राइल अधिक असल्यास ते आरंभीच इतर द्रव्यांत मिसळून बाहेर येते व मोजणी फसते. म्हणून प्रारंभी पाण्याचे प्रमाण सुमारे 95 टक्के ठेवणे इष्ट. निव्वळ पाणी वापरावयाचे झाल्यास मात्र नेहमीच्या सी-18 कॉलमची धारणशक्ती ढासळते. तेथे शंभर टक्के पाण्यात टिकणारा खास कॉलमच घ्यावा लागतो.

दुसरा विचार सामूचा. गॅलिक आम्लाचा पीकेए 4.4 च्या आसपास आहे. उदासीन द्रावणात त्याचे आयनीभवन होऊन ते कॉलमवर थांबत नाही. पाण्यात 0.1 टक्का फॉर्मिक आम्ल घातल्यास सामू 2.7 च्या जवळ येतो, सुमारे 98 टक्के गॅलिक आम्ल आयनीभवनाविना राहते आणि शिखर रेखीव मिळते. सामान्य सिलिका कॉलमसाठी सामू 2 ते 8 या मर्यादेत ठेवावा. त्याखाली शृंखलांचे बंध तुटतात, तर त्यावर सिलिकाच विरघळू लागते.

आता मुख्य मुद्दा. हरीतकीतील चेब्युलाजिक व चेब्युलिनिक आम्ले ही टॅनिने आहेत. आर्द्रता व उष्णता यांमुळे त्यांचे जलीय विच्छेदन होऊन गॅलिक आम्ल मोकळे होते. म्हणजेच दमट जागी पडून राहिलेल्या चूर्णात गॅलिक आम्ल वाढलेले दिसू शकते. केवळ त्याच्याच आकड्यावर विसंबल्यास जुने चूर्ण ताज्याहून सरस ठरेल! हा दोष टाळण्यासाठी ॲसिटोनायट्राइलचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवीत न्यावे. त्यामुळे उशिरा बाहेर पडणारी टॅनिनेही पृथक् होतात. लगतच्या शिखरांतील विभेदन किमान 1.5 असावे.

तात्पर्य, अहवाल हाती येताच वैद्याने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कॉलम कोणता? चल प्रावस्थेचा सामू व क्रम कोणता? आणि गॅलिक आम्लासोबत मूळ टॅनिनेही मोजली काय? यांची उत्तरे नसतील, तर तो आकडा औषधाची परीक्षा ठरत नाही. रुग्णास द्यावयाच्या चूर्णाचा निर्णय अशा एका आकड्यावर सोपविणे आम्हांस उचित वाटत नाही.